फुटक्या मडक्यांतली रोपं

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वाटा थोड्या होत्या आणि डोंगर फार होते. अशाच एका उंच डोंगराच्या पाठीवर एक गाव होतं.

गावाची जमीन उतरती आणि दगडगोट्यांची. धान्य तिथे फारसं पिकत नसे, पण टमाटे पिकत, आणि असे पिकत की बघत राहावं. खाली सखल मुलखात उन्हाच्या तडाख्याने मळे करपून जात, तेव्हा या गावाच्या गार हवेत टमाट्याची झाडं फळांनी वाकत. गावकरी टमाट्यांच्या पाट्या बैलांच्या पाठीवर लादून तांडा करून खाली उतरत आणि त्यांच्या बदल्यात ज्वारी, डाळ आणि मीठ घेऊन वर येत. टमाटे आले की घराघरातली कणगी भरे. नाही आले की कणगीचा तळ दिसे.

गेली दोन वर्षं तळच दिसत होता. थंडी सरली असं समजून लोकांनी वाफ्यात बी टाकावं, रोपं बोटभर व्हावीत, आणि एखाद्या पहाटे दव गोठून सगळी काळी पडावीत, असं लागोपाठ घडलं. पुन्हा बी टाकावं तर उशीर होई. फळ धरायच्या आत पाऊस गाठे आणि झाडं कुजून जात.

पोट कोणाला चुकलं आहे? गावातले कितीतरी पुरुष खाली दुसऱ्यांच्या शेतांवर राबायला गेले. त्यांत वेणूचा नवराही होता. निघताना तो म्हणाला, "यंदा पीक आलं, तांडा खाली उतरला, तर त्याच्याबरोबर मी परत येईन. नाही आलं तर घराला कडी घाल, आबांना घे आणि तूच खाली ये. गाव तरी मग कुठे राहणार आहे?"

वेणूने मान हलवली, पण मनात म्हणाली, मी नाही यायची. इथेच राहीन, आणि तुम्हालाच परत आणीन.

वेणू अशीच होती. एकदा मनाने घेतलं की ती मागे वळून पाहत नसे.

ती घरात बसून विचार करू लागली. रोपांना बाहेर थंडी बाधते ना? मग रोपं घरातच वाढवावीत. बाहेर थंडी आहे तोवर ती आत राहतील, आणि गारठा संपला की वीतभर झालेली रोपं थेट शेतात जातील. उशीर होणार नाही आणि पाऊसही गाठणार नाही.

घरात तिचे सासरे, आबा, होते. म्हातारे झाले होते, डोळ्यांना फार दिसत नसे. दिवसभर चुलीजवळ बसून असत. वेणूने त्यांना आपला बेत सांगितला.

"बेत चांगला आहे," सासरे म्हणाले. "पण किती रोपं करणार? आपल्या एका शेतापुरती?"

"नाही मामंजी. आपल्या एका शेताच्या टमाट्यांनी एक बैलसुद्धा भरायचा नाही. सगळ्या गावाचं पीक आलं तरच तांडा निघेल. मी सगळ्या गावाला पुरतील एवढी रोपं करणार."

"मग भांडी?"

हा प्रश्न मात्र खरा होता. वेणूच्या घरात स्वयंपाकाचीच भांडी मोजकी. कुंभार राहायचा पलीकडच्या खोऱ्यात. तेव्हा वेणूने डोक्यावर टोपलं घेतलं आणि ती घरोघर फिरू लागली.

"फुटकं मडकं असेल तर द्या. गळकी घागर द्या. करवंट्या द्या, चेपलेला डबा द्या. तुम्हाला नको असेल ते मला द्या."

लोकांना हसूच आलं. "काय गं वेणू, भंगाराचं दुकान काढतेस का?" कोणी विचारलं. शेजारच्या हैबतीने एक कान तुटलेली कढई टोपल्यात टाकली आणि म्हणाला, "थंडीला फसवायला निघालीस? आमच्या बापजाद्यांना जे जमलं नाही ते तू चुलीपाशी बसून करणार!"

वेणू हसून पुढे गेली. पण पाटलाच्या वाड्यापाशी तिला हसता आलं नाही. पाटलीणबाईंनी एक तडा गेलेला रांजण गड्याकरवी बाहेर काढवला. ओट्यावर चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर त्या म्हणाल्या, "घे हो. आमच्या घरातलं फुटकं ते तुझ्या घरात धडच दिसेल."

बाया खदखदा हसल्या. वेणूने रांजण उचलला आणि ती घरी आली. पण ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं मोडून राहिलं.

तिने कामाला हात घातला. मडक्या-करवंट्यांच्या बुडाला आरीने भोकं पाडली, म्हणजे पाणी साचून मुळं कुजायला नकोत. शेतातली माती आणून चाळली, तीत जुनं शेणखत आणि थोडी राख मिसळली. पूर्वीच्या चांगल्या पिकातून राखून ठेवलेलं बी टाकलं, वर बोटाच्या पेरभर माती पसरली आणि सगळी भांडी उबेसाठी चुलीभोवती मांडली.

कोंब लवकर वर आले. वेणूला आनंद झाला. पण तो टिकला नाही. रोपं भराभर उंच झाली खरी, पण दोऱ्यासारखी बारीक आणि फिकट. एका सकाळी बघते तो सगळी माना टाकून पडलेली.

"ऊब आहे, पाणी आहे, खत आहे," वेणू म्हणाली. "मग यांना झालं तरी काय?"

सासऱ्यांनी एका रोपावरून हलकेच बोट फिरवलं. "पोरी, इथे चुलीजवळ मला दिवस आहे की रात्र ते कळत नाही. त्यांना तरी कसं कळावं? ती उजेड शोधत पळत होती. पळता पळता दमली."

वेणू खट्टू होऊन बसली नाही. तिने पुन्हा बी टाकलं. या खेपेला कोंब दिसू लागताच भांडी पूर्वेच्या खिडकीत नेली. खिडकीत मावेनात तेव्हा भिंतीत खुंट्या ठोकून फळ्या लावल्या. रोज भांडी फिरवायची, म्हणजे रोप एका बाजूला झुकत नाही. दुपारी ऊन चांगलं तापलं की सगळी भांडी अंगणात काढायची आणि ऊन कलताच पुन्हा आत घ्यायची. वारा नसेल त्या दिवशी ती रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवी. रोपं डुलत, आणि डुलता डुलता त्यांची खोडं जाड होत.

हळूहळू घरच हिरवं झालं. कोनाड्यात करवंट्या, फडताळात चेपलेले डबे, जात्यावर कढई, माळ्याच्या शिडीच्या प्रत्येक पायरीवर एकेक मडकं. पाटलीणबाईंचा रांजण दाराशीच होता, त्यात तर रोपांचं रानच माजलं होतं. घरात पाऊल टाकलं की टमाट्याच्या पानांचा तो उग्र, ओला वास येई. म्हातारे सासरे म्हणत, "मला दिसत नाही, पण आपलं शेत घरात राहायला आलंय एवढं कळतं."

इकडे गावानेही थंडी सरली असं समजून वाफ्यात बी टाकलं. रोपं बोटभर झाली. आणि व्हायचं तेच झालं. एका सकाळी लोक उठून पाहतात तो सगळे वाफे काळेठिक्कर.

गावावर अवकळा पसरली. कोणी बोचकी बांधायला काढली. कोणी नुसतंच वाफ्याच्या कडेला बसून राहिलं. तेवढ्यात कोणाला तरी वेणूची आठवण झाली. दुपारपर्यंत तिच्या अंगणात सारं गाव गोळा झालं.

हैबती पुढे झाला. "वेणूताई, रोपं दे बाई. आता तुझाच आधार."

वेणू उंबऱ्यावर उभी होती. रोपं द्यायचीच होती. त्यासाठीच तर तिने एवढा खटाटोप केला होता. "या, घेऊन जा," एवढे शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात तिला गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या पाटलीणबाई दिसल्या, आणि मनातला काटा सलला.

"माझी रोपं?" वेणू म्हणाली. "ती तर भंगारातली. तुमच्या शेतांना कशी शोभतील?"

लोकांनी माना खाली घातल्या.

"देईन," ती पुढे म्हणाली. "पण आधी देवळासमोरच्या पारावर सगळ्यांनी यायचं आणि चारचौघांत म्हणायचं, वेणू, आम्ही तुला हसलो, ते चुकलं. आणि पहिल्यांदा पाटलीणबाईंनी म्हणायचं. त्या म्हणाल्याशिवाय एकही रोप घराबाहेर पडणार नाही."

पाटलीणबाई ताडकन म्हणाल्या, "मी पारावर उभी राहू? आणि रोप कसलं तुझं? ज्या रांजणात ते उगवलं तो रांजण माझा आहे!"

"मग कढई माझी आहे!" हैबतीलाही जोर आला. "कढईतली रोपं माझी!"

"करवंट्या आमच्या!" मागून कोणी ओरडलं.

"भांडी तुमची आहेत ना? रोपं काढून घेते आणि भांडी देते, न्या!" वेणू म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काही जण पुन्हा आले. ते पारावर यायला तयार होते. "आम्ही हसलो, चुकलो," असं त्यांनी अंगणातच म्हणून टाकलं. पण वेणू म्हणाली, "आधी पाटलीणबाई." लोक वाड्यावर गेले. पाटलीणबाई म्हणाल्या, "आधी रोपं देऊ दे." लोक परत वेणूकडे आले. असे दिवसामागून दिवस जाऊ लागले. गारठा केव्हाच संपला होता. नांगरून ठेवलेली शेतं उन्हात वाट पाहत पडली होती.

खरं सांगायचं तर वेणूला त्या दिवसांत बरं वाटत होतं. कालपर्यंत हसणारे लोक आज अंगणात हात जोडून उभे राहत. ती खिडकीतून त्यांच्याकडे बघे आणि रोपांना पाणी घाली.

"वेणू," एकदा सासरे म्हणाले, "माणसं थांबतील. रोपं थांबायला तयार आहेत का?"

"रोपं मजेत आहेत मामंजी. माझ्या नजरेखाली आहेत."

आणि एके सकाळी ती आनंदाने ओरडलीच. "मामंजी, फूल! करवंटीतल्या रोपाला फूल आलंय! शेतात न जाताच फुललं बघा!"

"आण बरं इकडे."

सासऱ्यांनी करवंटी हातात घेतली. पिवळं फूल चाचपलं. खालची पानं चाचपली, ती हाताला लागताच गळून पडली. बुडाच्या भोकातून बाहेर आलेली मुळं चाचपली.

"हे फूल आनंदाचं नव्हे गं," ते म्हणाले. "हे घाईचं आहे. या रोपाला वाटतंय की आपलं आयुष्य इथेच संपणार. म्हणून मरायच्या आत कसंतरी बी धरायची त्याची धडपड चाललीय."

वेणूच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तिने करवंटी उलटी करून रोप बाहेर काढलं. आत माती जवळजवळ उरलीच नव्हती. मुळांचा नुसता गुंता झाला होता. बाहेर जायला वाट नाही म्हणून ती मुळं करवंटीच्या आतल्या आत गोल गोल फिरत राहिली होती.

तिने दुसरं भांडं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीकडे तेच. शिडीवरच्या मडक्यांतली रोपं तर माना टाकून होती. एवढे दिवस ती खिडकीबाहेरच्या लोकांकडे बघत होती. खिडकीतल्या रोपांकडे तिने नीट बघितलंच नव्हतं.

ती सासऱ्यांपाशी येऊन बसली. "बाहेरच्या गारठ्यापासून मी यांना वाचवलं, मामंजी. आणि आत आणून मीच मारायला निघाले."

"सगळी मेलीत का?"

वेणूने डोळे पुसले आणि एकेक रोप निरखायला सुरुवात केली. काही वाळली होती. पण बरीचशी अजून तग धरून होती, उंच, पिवळसर, वाकलेली. वाकलेल्या एका रोपाचं खोड जिथे मातीला टेकलं होतं, तिथे तिला बारीक पांढरे धागे दिसले. खोडालाच नवी मुळं फुटली होती.

वेणू उठली. तिच्या अंगात पुन्हा ती पहिली वेणू आली.

तिने सगळ्यांत मोठं भांडं आधी उचललं. तो होता पाटलीणबाईंचा रांजण. जड होता, पण तिने तो कमरेवर घेतला आणि भर सकाळी गावाच्या मधल्या वाटेने वाड्यावर नेला. लोक कामं टाकून तिच्या मागे चालू लागले. आता मोठं भांडण पाहायला मिळणार, असंच सगळ्यांना वाटलं.

पाटलीणबाई ओट्यावर आल्या. वेणूने रांजण त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"ही तुमची रोपं."

पाटलीणबाईंनी रांजणाकडे पाहिलं, वेणूकडे पाहिलं, मागे जमलेल्या लोकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "वेणू, त्या दिवशी ओट्यावर मी जे बोलले..."

"ते नंतर बोला, बाई," वेणू म्हणाली. "ऊन चढायच्या आत खड्डे खणायला हवेत. कुदळ कुठे आहे?"

पाटलीणबाईंनी पदर खोचला आणि स्वतः आत जाऊन कुदळ आणली.

वेणू गावाकडे वळली. "सगळ्यांनी या. माझ्या घरातलं भांडं कोणाचंही असो, रोप घ्या आणि शेत गाठा. आधीच मी फार दिवस वाया घालवलेत. आता आपल्याकडे वेळ नाही."

"पण ही तर नुसत्या काड्या झाल्यात," हैबती म्हणाला. "उभी कशी राहणार?"

"उभी नाही लावायची. मुळं हलक्या हाताने मोकळी करा, आणि निम्मं खोड मातीत गाडा."

"निम्मं रोप गाडायचं? कुजेल की!"

"कुजणार नाही. माती मिळाली की त्याच खोडाला मुळं फुटतील. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि दुपारी वरून पळसाची पानं झाका. इतके दिवस ती घरात वाढलीत, एकदम ऊन सोसायचं नाही त्यांना."

तिच्या आवाजात असं काही होतं की पुन्हा कोणी प्रश्न केला नाही. सारं गाव राबलं. म्हाताऱ्यांनी पानं तोडली, पोरांनी पाणी वाहिलं. पाटलीणबाई आणि वेणू एकाच सरीत समोरासमोर बसून रोपं लावत होत्या. ऊन कलताना पाटलीणबाई म्हणाल्या, "आता बोलू का?"

"बोला."

"त्या दिवशी मी चुकले."

"मीही चुकले," वेणू म्हणाली. "तुमच्या एका वाक्यापायी मी गावाची शेतं रिकामी ठेवली. ते पाणी इकडे द्या."

पुढे काय झालं? पुढे जे व्हायचं ते झालं, थोडं गोड आणि थोडं कडू. वेळेवर गेली असती तर सगळी रोपं जगली असती. ती काही सगळी जगली नाहीत. काहींनी पहिल्याच उन्हात मान टाकली. काही जगली, पण खुरटी राहिली. बाकीची मात्र मातीत घट्ट बसली. पानं हिरवी झाली, फुटवे आले, फुलं आली, आणि ती घाईची नव्हती. पावसाच्या आधी गावात टमाटे लाल झाले. पूर्वीच्या चांगल्या वर्षांइतके नाहीत, पण तांडा निघावा एवढे नक्कीच.

वेणूच्या स्वतःच्या शेतात सगळ्यांत थोडे लागले. कारण चांगली रोपं तिने आधी दुसऱ्यांना दिली होती आणि उरलेली आपल्याला ठेवली होती. त्याबद्दल तिला कोणी हळहळून काही म्हटलं, की ती म्हणे, "तेवढं माझ्या रुसव्याचं. मीच खाल्लं पाहिजे."

बैल वाजतगाजत खाली उतरले. परत आले तेव्हा त्यांच्या पाठीवर ज्वारीची पोती होती आणि त्यांच्याबरोबर खाली राबायला गेलेले पुरुष होते. वेणूचा नवरा वळणावर आला तेव्हा सासऱ्यांना तो दिसला नाही, पण पावलांवरून ओळखू आला. "आला बरं का गं," ते म्हणाले, आणि वेणू धावतच उतरणीला लागली.

तेव्हापासून त्या गावात थंडीच्या दिवसांत घराघरातल्या खिडकीत टमाट्याची रोपं वाढतात. रोपं वीतभर झाली की कोणी कोणाची वाट बघत नाही. ज्याची आधी तयार झाली, तो शेजाऱ्याचं दार ठोठावतो आणि म्हणतो, "न्या, उशीर नको."

मुलांनो आणि थोरांनो, लक्षात ठेवा: जे द्यायचंच आहे ते वेळेवर द्यावं, रुसून अडवून ठेवलेलं चांगलं आपल्याच हातात वाळून जातं.